नापास व्हायचं तर घरीच

२००८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात यंत्रांची दहीहंडी झाली. ‘आबू रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने भरवलेली महाविद्यालयीन रोबो स्पर्धा. २००२ साली ती टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि त्या वर्षीचा खेळ यजमानच ठरवतो. यजमानपद पहिल्यांदा भारताकडे आलं, तेव्हा खेळ ठरला गोविंदाचा: उंचावरच्या हंडीतलं लोणी रोबोंनी काढायचं. २०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या वेळी पालक रोबोने बाळ रोबोला बागेत नेऊन सीसॉ, झोका आणि जंगलजिमवर खेळवायचं होतं. २०२२ साली नवी दिल्लीत तर चक्क लगोरी होती. एका संघाने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची, दुसऱ्याने त्यात मोडता घालायचा.

प्रेक्षकांना हा खेळ दिसतो. खेळाआधीचं एक टेबल दिसत नाही. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक रोबो या टेबलावरून जातो. तिथे त्याचं वजन होतं, आकार मोजला जातो, बॅटरी बघितली जाते, हवेच्या दाबावर चालणारे भाग असतील तर दाब पाहिला जातो, लाल बटण दाबून यंत्र खरंच थांबतं का हे बघितलं जातं. रोबोकॉनच्या नियमपुस्तकांत वर्षानुवर्षं दिसणारे आकडे म्हणजे २४ व्होल्टची आणि ६ बारची मर्यादा. त्यांच्या वर गेलेला रोबो कितीही हुशार असला तरी मैदानाबाहेरच राहतो.

शालेय स्पर्धांतही हेच टेबल असतं. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये रोबो खेळ सुरू होताना १८ इंची घनात मावला पाहिजे. ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’च्या एका मुख्य प्रकारात ही मर्यादा २५ सेंटिमीटरची आहे. आकडे वेगळे, पण टेबलावरचा कागद एकच: तपासणीची चेकलिस्ट. या प्रकरणात आपण तो कागद कसा लिहायचा हे बघणार आहोत. तो चांगला असेल तर टेबलावर फारसं काही घडतच नाही, कारण चुका आधीच शाळेत सापडून दुरुस्त झालेल्या असतात. तो वाईट असेल तर महिनाभर राबलेली मुलं एका फ्यूजपायी प्रेक्षकांत बसतात.

यादी कुणासाठी लिहायची?

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात पोशेरा हे गाव आहे. समजा, तिथल्या आठवी-नववीच्या मुलांचा एक संघ पहिल्यांदाच रोबो स्पर्धेला निघालाय. अशी कल्पना आता फारशी अशक्य राहिलेली नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या प्रयोगशाळेला २० लाख रुपयांपर्यंतचं अनुदान मिळतं, आणि देशभरात अशा हजारो प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. मोटर, सेन्सर आणि सोल्डरिंग गन या वस्तू आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत.

पण पेटी भरून सामान येतं, सीनिअर येत नाहीत. पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजचा रोबोकॉन संघ घ्या. तिथे तिसऱ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगतो, ‘अरे, तो फ्यूज बाहेरून दिसेल असा लाव, गेल्या वर्षी आमची अर्धा तास बोंब झाली होती.’ अशी शंभर वाक्यं तोंडोतोंडी पुढे जातात. त्या संघाला छापील यादी फक्त आठवण करून देते. पोशेऱ्याच्या संघाकडे ती शंभर वाक्यं नाहीत. विज्ञानाचे सर आहेत, पण त्यांच्याकडे गणितही आहे, आणि बहुधा शाळेचं आणखी एखादं कामही. त्यांच्यासाठी यादी हाच सीनिअर.

म्हणून यादी लिहिताना पोशेऱ्याचा संघ नजरेसमोर ठेवावा. त्याला ती समजली तर पुण्या-मुंबईच्या संघाला समजतेच. उलटं मात्र होत नाही. अनुभवी लोकांनी अनुभवी लोकांसाठी लिहिलेली यादी नवख्याला फक्त घाबरवते.

‘फर्स्ट टेक चॅलेंज’च्या तपासणीपत्रकात एक साधी गोष्ट आहे. त्यात प्रत्येक ओळीपुढे दोन चौकटी असतात: एक संघाची, एक तपासनिसाची. संघाने आपली चौकट भरून टेबलावर यायचं. या दोन चौकटींमुळे कागदाचा मालक बदलतो. परीक्षकाच्या हातातली प्रश्नपत्रिका मुलांच्या हातातली कामाची यादी होते, आणि तपासनीस फक्त त्यांनी आधीच बघितलेलं पुन्हा बघतो.

विमान आणि ऑपरेशन थिएटर

चेकलिस्टचा इतिहास सांगताना एका अपघाताचं नाव हमखास येतं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचं नवं विमान लष्करी चाचणीसाठी उडालं, चढता चढता थबकलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर यांचे प्राण गेले. विमानात दोष नव्हता. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उडण्याआधी काढायचा राहून गेला होता. यानंतर वैमानिकांच्या हातात छापील यादी आली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून १२,००० हून अधिक संख्येने बनलं.

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं उटी हे आत्माराम गावंडे यांचं गाव. ते डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले, आणि त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे नामवंत सर्जन आणि लेखक झाले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची चेकलिस्ट तयार केली. तिच्यात अवघे १९ मुद्दे. ते तीन थांब्यांवर विभागलेले: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. जगातल्या ८ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आलं होतं आणि मोठ्या गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ही चेकलिस्ट सक्तीची केली. २०१४ साली तिथल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासली, तेव्हा सक्तीच्या आधी आणि नंतर मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. यादी जवळपास तीच, फॉर्म भरल्याच्या नोंदी भरपूर, पण परिणाम नाही. यावर पुढे बरीच चर्चा झाली. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच, की टिकची खूण होणं आणि तपासणी होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. यादी लिहिणाऱ्याने ओळीच अशा लिहायच्या, की काही न करता खूण करणं अवघड जावं.

एका ओळीची चार रूपं

आता हे प्रत्यक्ष करून बघू. बॅटरीबद्दलची एक ओळ घेऊ.

पहिलं रूप: ‘रोबोची विद्युत यंत्रणा नियमानुसार व सुरक्षित असावी.’ ही ओळ कुठल्याही रोबोपुढे म्हणता येते आणि कुठल्याही रोबोपुढे टिक करता येते. नियम कोणता, सुरक्षित म्हणजे काय, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘सुस्थितीत’, ‘व्यवस्थित’, ‘शक्यतो’ आणि ‘इत्यादी’ हे शब्द यादीत दिसले की समजावं, लिहिणाऱ्याने आपलं काम वाचणाऱ्यावर ढकललं आहे.

दुसरं रूप: ‘बॅटरी १२ व्होल्टपेक्षा जास्त नसावी.’ आकडा आला, बरं वाटलं. पण इथेच दोन तपासनीस भांडतात. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी घ्या. तिच्यावर छापलेलं असतं ११.१ व्होल्ट, पण पूर्ण चार्ज केल्यावर मल्टिमीटर दाखवतो १२.६. साध्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचंही तेच: पूर्ण भरल्यावर तीही १२ च्या वर जाते. मीटर लावणारा तपासनीस रोबो बाद करतो, लेबल वाचणारा पास करतो. दोघंही प्रामाणिक, घोळ ओळीत. मुलांना मात्र एवढंच दिसतं, की शेजारच्या टेबलावर तीच बॅटरी चालली आणि आपली नाही.

तिसरं रूप: ‘बॅटरीवर छापलेला आकडा १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी आहे.’ आता कुठे बघायचं हे ठरलं. तरी एक फट राहते. ६ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर प्रत्येकीवर ६ लिहिलेलं असतं आणि मोटरला १८ मिळतात.

चौथ्या रूपात एका ओळीच्या दोन होतात. ‘मोटरना वीज देणारी बॅटरी एकच आहे.’ ‘ती बाहेर काढून वाचली. छापलेला आकडा १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी आहे. छाप पुसली असेल तर दुसरी बॅटरी लावा.’

चौथ्या रूपात काय आलं ते बघा. एका ओळीत एकच प्रश्न आहे. ‘बाहेर काढून वाचली’ अशी हाताने करायची कृती आहे, त्यामुळे लांबून बघून खूण करता येत नाही. अडचण आली तर काय करायचं तेही तिथेच आहे. आणि ‘हो’ म्हणजे नेहमीच ‘ठीक’.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबू, कारण आपल्याकडच्या याद्यांत तो हटकून चुकतो. ‘रोबोला टोकदार कडा नाहीत ना?’ असं विचारलं की एक मुलगी ‘हो’ वर खूण करते, कारण ‘हो, नाहीत’. दुसरी ‘नाही’ वर करते, कारण ‘नाही, कडा नाहीत’. दोघींचा रोबो चांगला, उत्तरं उलटी. त्याऐवजी लिहावं: ‘जुना मोजा हातात घालून सगळ्या कडांवरून फिरवला. तो कुठेही न अडकता फिरला.’ मोजा अडकला तर कानशीने कड घासायची किंवा जाड टेप लावायची. बोट कापत नाही, वाद होत नाही, आणि मोजा प्रत्येक घरात असतो.

मोजण्यापेक्षा घालून बघावं

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही ‘गो, नो-गो’ गेज माहीत असतो. भोकाचा व्यास बरोबर आहे का हे बघायला दरवेळी आकडा वाचायचा नाही. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडा वाचताना माणूस चुकतो, मात्र आत जाणं आणि न जाणं यात चुकायला फारशी जागा नाही.

रोबोच्या आकारासाठी तेच करावं. १८ इंच म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. टेपने मोजायला गेलं की प्रश्न सुरू होतात: बाहेर आलेली वायर धरायची का? टेप वाकडा धरला तर? हात वर केलेला धरायचा की खाली? त्याऐवजी आतून बरोबर तेवढ्या मापाचं, खालून उघडं खोकं बनवावं आणि रोबोवर वरून ठेवावं. ते टेबलाला टेकलं तर पास. मोठ्या स्पर्धांत अशीच पेटी वापरतात. प्लायवूडची पेटी चांगली, पण शाळेत जाड पुठ्ठ्याचीही चालते. आयोजकांनी यादीबरोबर या खोक्याची मापं आणि एक आकृती पाठवावी, म्हणजे टेबलावरचीच पेटी शाळेतही असेल.

फ्यूजचंही तसंच. गाड्यांत वापरतात त्या पातीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा, आणि पाठीवर आकडाही छापलेला असतो. ‘फ्यूज २० अँपिअरचा असावा’ यापेक्षा ‘फ्यूज पिवळा आहे आणि त्यावर २० छापलं आहे’ ही ओळ विजेचा धडा न शिकलेल्या मुलालाही वापरता येते. गावातल्या गॅरेजवाल्याला दाखवली तर तोही नेमका तोच फ्यूज काढून देतो.

वजनाला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. काटा वेगळा असला की थोडा फरक पडणारच, म्हणून यादीत मर्यादेबरोबर एक सूचना असावी: ‘घरच्या काट्यावर मर्यादेच्या अगदी जवळ आलात, तर थोडं वजन कमी करूनच या.’

तीन थांबे

बहुतेक आयोजक एकच लांबलचक यादी देतात आणि ती एकदाच वापरतात. पण रोबोतले दोष वेगवेगळ्या वेळी जन्मतात. आकार आणि बॅटरीचा प्रकार शाळेत ठरतो, वाटेत बदलत नाही. नट-बोल्टचं तसं नाही. जव्हार-मोखाड्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर धरलेला रोबो काही तास हादरे खात येतो. शाळेत घट्ट असलेलं चाक उतरल्यावर ढिलं झालेलं असू शकतं. तिसऱ्या तऱ्हेचे दोष सामन्यांच्या मधल्या घाईत येतात: उतरलेली बॅटरी, न बांधलेली बॅटरी, दुसऱ्याच रोबोशी जोडलेला रिमोट.

शस्त्रक्रियेच्या यादीसारखेच इथेही तीन थांबे करावेत: शाळेतून निघण्याआधी, स्पर्धेच्या जागी सामान उतरवल्यावर, आणि प्रत्येक सामन्याआधी. प्रत्येक थांब्यावर फक्त त्या वेळी बिघडू शकणाऱ्याच गोष्टी असाव्यात. पहिल्या यादीला अर्धा तास लागला तरी चालेल, तिसरी मात्र एका मिनिटात झाली पाहिजे, नाहीतर कुणी ती करणार नाही.

थांब्याच्या आत क्रम असावा तो हातांच्या हालचालीचा. नियमपुस्तकातल्या कलमांचा क्रम इथे कामाचा नाही. आधी वीज बंद असताना करायच्या सगळ्या गोष्टी, मग वीज चालू करून करायच्या. आधी बाहेरून, मग आतून. रोबो तीनदा उलटा करायला लावणारी यादी तिसऱ्यांदा कुणीच मनापासून करत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात नियम क्रमांक द्यावा, म्हणजे वाद झाला तर पुस्तक उघडता येतं.

लांबीचा मोह मात्र टाळायचा. प्रत्येक स्पर्धेनंतर काहीतरी नवीन घडतं आणि आयोजक एक ओळ वाढवतात. पाच वर्षांत पानं तीन होतात, मग मुलं आणि तपासनीस दोघंही उभी रेघ ओढल्यासारख्या खुणा करत सुटतात. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉईटला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं विमान पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली न करताच उडालं आणि १५६ माणसं गेली. चौकशीत दिसलं, की वैमानिकांनी त्या वेळची चेकलिस्ट केलीच नव्हती. पुढे १९९० मध्ये असफ डेगानी आणि अर्ल वीनर यांनी नासासाठी विमानांतल्या चेकलिस्टचा अभ्यास केला. माणसं यादी पाठ म्हणतात, अनेक ओळी एका दमात उरकतात, मध्ये व्यत्यय आला की कुठे होतो ते विसरतात, असं त्यांना दिसलं. हे कसलेले वैमानिक होते. आपली वाचक आठवीतली मुलगी आहे, आणि तिला पाच मिनिटांत मैदानावर बोलावलंय. एक ओळ वाढवायची असेल तर आधी कोणती काढता येते ते बघावं. न तपासल्यामुळे कुणाला इजा होणार असेल किंवा रोबो बाद होणार असेल तर ओळ ठेवावी. बाकीचं सूचनापत्रात जाऊ द्यावं.

कागद, छपाई आणि झेरॉक्स

यादी बहुधा संगणकावर रंगीत तयार होते, आणि शाळेत पोहोचते ती झेरॉक्सची झेरॉक्स होऊन. लाल रंगातली ‘अत्यंत महत्त्वाचे’ ओळ तिथे इतर ओळींसारखीच काळी दिसते. बॅटरीचा फोटो काळा ठोकळा होतो. म्हणून महत्त्व रंगाने दाखवायचं नाही. त्या ओळीला चौकट द्यावी किंवा शेजारी ठळक चांदणी काढावी. फोटोऐवजी रेघांची आकृती काढावी. अक्षर मोठं असावं, ओळींमध्ये पेनने लिहायला जागा असावी. कागद मोबाईलशिवाय वापरता यावा. ‘अधिक माहितीसाठी कोड स्कॅन करा’ हे वाक्य रेंज नसलेल्या पाड्यावर काही कामाचं नाही.

भाषा मुलं प्रयोगशाळेत बोलतात तीच. ती बॅटरी, फ्यूज, वायर, स्विच, रिमोट, चाक, पाना असंच म्हणतात. यादीतही तेच असावं. ‘सदर यंत्रमानवाच्या विद्युतघटाची जोडणी’ अशी सुरुवात झाली की वाचणारा निम्मा कागद सोडून देतो.

यादीचीच परीक्षा

यादी छापण्याआधी तिच्या दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली: एकच रोबो दोन तपासनिसांपुढे वेगवेगळा ठेवावा. दोघांनी एकमेकांशी न बोलता यादी भरावी आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जिथे उत्तरं वेगळी, तिथे ओळ नव्याने लिहायची. कुणाचं बरोबर यावर वेळ घालवू नये.

दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. कधीच स्पर्धेला न गेलेल्या चार मुलांच्या हातात यादी आणि एक रोबो द्यावा. त्या रोबोत जाणूनबुजून तीन दोष ठेवावेत: एक चाक ढिलं, फ्यूज हिरवा, एक वायर सैल. आयोजकांनी लांब बसावं, मदत करू नये. मुलं कुठे थांबतात, कुठे एकमेकांकडे बघतात, कुठली ओळ दोनदा वाचतात, हे टिपावं. तीन दोष सापडले तर यादी पास. दोनच सापडले तर मुलांना काही शिकवायचं नाही, यादी दुरुस्त करायची.

स्पर्धेच्या दिवशी आणखी एक काम असतं. टेबलावर एका कोऱ्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे, किती संघ तिथे अडले याच्या रेघा ओढाव्यात. दिवसाच्या शेवटी दोन-तीन ओळींपुढेच रेघांची गर्दी दिसेल. जिथे बहुतेक संघ अडतात, तिथे चूक बहुधा ओळीची किंवा नियमाची असते. पुढच्या वर्षीच्या यादीची सुरुवात तिथून करावी.

नमुना

खाली एका लहान, तालुका पातळीवरच्या स्पर्धेसाठी नमुना दिला आहे. रोबो १८ इंची खोक्यात बसणारा आणि एका १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा धरला आहे. आकडे आपल्या स्पर्धेच्या नियमांप्रमाणे बदलावेत. प्रत्येक ओळीपुढे संघाची आणि तपासनिसाची अशा दोन चौकटी ठेवाव्यात. चांदणीची ओळ अडली तर रोबो चालू करायचा नाही.

थांबा पहिला: शाळेतून निघण्याआधी, वीज बंद
१. रोबो सुरुवातीच्या स्थितीत ठेवला. वरून खोकं घातलं, ते चारही बाजूंनी टेबलाला टेकलं.
२. रोबो काट्यावर ठेवला. वजन लिहिलं: ____ किलो.
३. मोटरना वीज देणारी बॅटरी एकच आहे. ★
४. बॅटरी बाहेर काढून वाचली. छापलेला आकडा १२ व्होल्ट किंवा कमी आहे. ★
५. बॅटरीच्या लाल वायरवर पिवळा फ्यूज आहे आणि त्यावर २० छापलं आहे. ★
६. मुख्य स्विच बाहेरून दिसतो आणि एका बोटाने बंद होतो. ★
७. मोजा घातलेला हात सगळ्या कडांवरून न अडकता फिरला.
८. संघाचा क्रमांक दोन बाजूंना आहे आणि दोन मीटरवरून वाचता येतो.

थांबा दुसरा: स्पर्धेच्या जागी उतरल्यावर
९. प्रत्येक चाक धरून बाजूला ओढलं. चाक जागेवरच राहिलं.
१०. प्रत्येक वायर जोडाजवळ हलकेच ओढली. ती जागेवरच राहिली. ★
११. रोबो ठोकळ्यावर, चाकं अधांतरी ठेवून चालू केला. स्विच बंद करताच सगळी चाकं थांबली. ★

थांबा तिसरा: प्रत्येक सामन्याआधी
१२. चार्ज केलेली बॅटरी पट्ट्याने बांधली आहे. रोबो तिरका केला तरी ती हलत नाही.
१३. आपल्या रिमोटवर आपलाच रोबो हलला.
१४. मागच्या तपासणीनंतर काही बदललं असेल, तर टेबलावर पुन्हा दाखवून आणलं.

चौदा ओळी एका पानात बसतात. हे पान स्पर्धेच्या निमंत्रणाबरोबरच, निदान महिनाभर आधी, खोक्याच्या आकृतीसह शाळेत पोहोचायला हवं. स्पर्धेच्या सकाळी टेबलावर वाटलेली उत्तम यादीही पोशेऱ्याच्या संघाच्या उपयोगाची नाही, कारण तोवर फ्यूज बदलायला दुकान नसतं, कड घासायला कानस नसते आणि वेळ तर नसतोच. खाली एक शेवटची ओळ छापावी: शंका कुणाला आणि कोणत्या वेळेत फोन करून विचारायच्या. जो प्रश्न दोन शाळांकडून येईल, त्याचं उत्तर सगळ्या शाळांना कळवावं आणि ती ओळ त्याच आठवड्यात दुरुस्त करावी.